मेमरी म्हणजे नेमकी कोणती?

बेळगावात संगणक दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसले, तर 'सीपीयू घेऊन आलोय' आणि 'मेमरी वाढवून द्या की' ही दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. गिऱ्हाईक मराठीत बोलो अथवा कन्नडमध्ये, हे दोन शब्द तेच राहतात, आणि दोन्ही वेळा तोंडातला शब्द एका वस्तूचा तर मनातली वस्तू दुसरीच असते. ज्याला आपण सीपीयू म्हणतो ती प्रत्यक्षात पत्र्याची पेटी, म्हणजे कॅबिनेट होय. खरा सीपीयू त्या पेटीच्या पोटात, पंख्याच्या खाली दडलेली, काड्यापेटीहून लहान अशी चौकोनी चिप असते. या पहिल्या घोटाळ्याने सहसा कोणाचे काही बिघडत नाही, कारण दुकानदार पेटी पाहतो आणि समजून घेतो. दुसऱ्या शब्दाच्या घोटाळ्यात मात्र खिशातले पैसे जातात.

खानापूर तालुक्यातल्या माझ्या मावसभावाच्या बाबतीत नेमके हेच घडले. मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला त्याचा जुना डेस्कटॉप ब्राउझरचे चार टॅब उघडले की अडखळू लागला होता. शहरातल्या एका दुकानात जाऊन त्याने मेमरी वाढवायला सांगितली, दुकानदाराने फोटो आणि व्हिडिओ फार झाले आहेत का असे विचारले, त्याने हो म्हटले, आणि संगणकात १ टेराबाइटची हार्ड डिस्क बसवली गेली. घरी आणल्यावर संगणक पूर्वीइतकाच संथ चालत होता. दुकानदाराने फसवले नव्हते आणि भाऊही चुकीचे बोलला नव्हता; एका शब्दाचे दोन अर्थ दोघांच्या मनात होते, आणि ते अर्थ वेगळे आहेत हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आले नाही. तो वेगळेपणा नीट उलगडावा, म्हणून हा लेख.

आधी पेटी उघडून पाहू. आतल्या एका बाजूला जो मोठा हिरवा किंवा काळा फलक उभा असतो तो मदरबोर्ड. बाकीचे सगळे भाग त्याच्यावर बसतात किंवा वायरींनी त्याला जोडलेले असतात. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. पंख्याखाली प्रोसेसर, म्हणजेच तो खरा सीपीयू, त्याच्या शेजारच्या लांबट खाचांमध्ये उभ्या बसवलेल्या पट्ट्या म्हणजे रॅम, आणि कॅबिनेटच्या पुढच्या भागात स्क्रूने आवळलेली जड धातूची डबी म्हणजे हार्ड डिस्क. तिच्या जागी किंवा तिच्या जोडीला एखादी हलकी, पातळ डबी दिसली तर ती एसएसडी. ग्राफिक्स कार्ड असेल तर ते मदरबोर्डवर आडवे खोचलेले असते. बहुतेक घरगुती संगणकांत ते वेगळे नसते. ते काम प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेला भाग करतो आणि त्यासाठी रॅममधला थोडा हिस्सा वापरतो. म्हणूनच ८ जीबी रॅम बसवलेली असताना वापरता येण्याजोगी रॅम त्याहून थोडी कमी दाखवली जाते, आणि त्यात कोणाचा अपहार नसतो.

आता मुख्य भेदाकडे येऊ. निपाणीच्या परिसरात विडी वळणाऱ्या बायकांना काम करताना ज्याने पाहिले आहे, त्याला हा भेद समजायला वेळ लागणार नाही. मांडीवर सूप असते. सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा असतो. तंबाखूचा मोठा साठा मात्र दूर वखारीत असतो. हात किती चपळ आहेत हा प्रोसेसरचा गुण, सूप किती मोठे आहे हा रॅमचा गुण आणि वखार किती मोठी आहे हा हार्ड डिस्कचा किंवा एसएसडीचा गुण. हात वखारीतल्या मालावर थेट काम करू शकत नाहीत; माल आधी सुपात यावा लागतो. संगणकातही तसेच आहे: कोणताही प्रोग्रॅम वा फाइल साठवणुकीतून रॅममध्ये आल्यावाचून प्रोसेसर तिच्यावर काम करत नाही. सूप लहान असेल तर कितीही निष्णात बाईला पुन्हापुन्हा उठावे लागेल, आणि तिची वखार दुप्पट मोठी केल्याने तिचे हे उठणे एका खेपेनेही कमी होणार नाही. माझ्या मावसभावाने वखार मोठी करून घेतली होती. अडचण सुपाची होती.

फोनच्या जाहिरातीत '८ आणि १२८ जीबी' असे जे दोन आकडे असतात, त्यांतला पहिला सुपाचा आणि दुसरा वखारीचा. 'मेमरी फुल' असा संदेश फोनवर येतो तो बहुधा दुसऱ्या आकड्याबद्दल असतो; तेव्हा फोटो काढून टाकले की जागा होते, मात्र त्याने रॅम वाढत नाही. अलीकडे काही फोनांवर '८ अधिक ८ जीबी रॅम' असेही लिहिलेले असते. त्यातला दुसरा आठाचा आकडा खऱ्या रॅमचा नसून साठवणुकीतला एक कोपरा रॅमसारखा वापरण्यासाठी राखून ठेवल्याचा आहे, आणि त्याचा वेग साठवणुकीचाच राहतो. अशा आकड्यावर भुलून फोन निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुपाची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. रात्री काम थांबले तरी सुपातला तंबाखू सकाळी सुपातच असतो. रॅममधला मजकूर वीज जाताच नाहीसा होतो. याचे कारण तिच्या रचनेत आहे. रॅमच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कोष असतात आणि प्रत्येक कोषात एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची सूक्ष्म कळ, व विद्युतभार धरून ठेवणारा एक अतिशय छोटा कपॅसिटर असतो. भार असेल तर १, नसेल तर ०. ही एका ट्रान्झिस्टरची रचना रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली आयबीएममध्ये काम करताना शोधली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. आजही प्रत्येक संगणकाची मुख्य रॅम याच तत्त्वावर चालते. हा कपॅसिटर मात्र गळक्या घागरीसारखा असतो. त्यातला भार काही क्षणांतच झिरपून जातो, म्हणून संगणक प्रत्येक कोष वाचून त्यात पुन्हा भार भरत राहतो, आणि ही संपूर्ण फेरी साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदात सुमारे पंधरा वेळा पूर्ण होते. 'डायनॅमिक रॅम' या नावातला 'डायनॅमिक' शब्द या अखंड पुनर्भरणामुळेच आला आहे. वीज गेली की भरणारे कोणी उरत नाही आणि सगळ्या घागरी रित्या होतात.

खानापूर, कणकुंबी, जांबोटी या पट्ट्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे तिथल्या माणसाला सांगायला नको. लिहीत असलेला अर्ज 'सेव्ह' करणे म्हणजे रॅममधला मजकूर हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर उतरवणे होय. तोपर्यंत तो केवळ त्या गळक्या घागरींत असतो. यूपीएसचे कामही त्यामुळे संगणक तासन्‌तास चालवण्याचे नसून, चालू काम सेव्ह करून संगणक रीतसर बंद करण्याइतकी मिनिटे मिळवून देण्याचे आहे. याच कारणाने 'स्लीप' आणि 'हायबरनेट' यांतला फरकही माहीत असावा. स्लीपमध्ये रॅमला थोडी वीज मिळत राहते आणि मजकूर तिच्यातच राहतो, तर हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर साठवणुकीत लिहून मग वीज पूर्ण तोडली जाते. यूपीएस नसलेला डेस्कटॉप पावसाळी रात्री स्लीपमध्ये ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आता वेगाचा प्रश्न. सुपातून वखारीत जायला किती वेळ लागतो? प्रोसेसर ३ गिगाहर्ट्‌झचा आहे म्हणजे त्याच्या घड्याळाचे सेकंदाला ३०० कोटी ठोके पडतात. एवढ्या घाईत असलेल्या प्रोसेसरला रॅमसुद्धा दूर वाटते, म्हणून त्याच्या स्वतःच्या चिपमध्ये कॅश नावाची अगदी थोडी पण अतिशय वेगवान मेमरी ठेवलेली असते. रोख रकमेशी या शब्दाचा संबंध नाही. विडी वळणारी बाई पुढची चार पाने बोटांतच धरून ठेवते, तशी ही हाताशी धरलेली मेमरी होय. तिचे एल-१, एल-२, एल-३ असे थर असतात, आणि जितका थर जवळचा तितका तो लहान व वेगवान. तिच्या एका कोषाला साधारण सहा ट्रान्झिस्टर लागतात, त्यामुळे ती महाग पडते, जागा खाते आणि मेगाबाइटांतच मोजली जाते.

या सगळ्यांचे खरे आकडे नॅनोसेकंदांत असल्यामुळे मनाला काही सांगत नाहीत. म्हणून एका नॅनोसेकंदाला एक सेकंद मानून पाहू. सर्वांत जवळच्या कॅशमधून माहिती मिळायला सुमारे १ नॅनोसेकंद लागतो. तो झाला १ सेकंद. रॅमला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे दीड मिनिटाहून थोडे अधिक. एसएसडीला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. आपल्या मापाने तो एक दिवस आणि वर काही तास होतो. फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, आणि ते आपल्या मापाने ११५ दिवसांहून अधिक भरतात. सुपात नसलेला चिमूटभर तंबाखू आणण्यासाठी बाईला एक अख्खा पावसाळा वाट पाहावी लागली तर तिची काय अवस्था होईल, तशीच रॅम अपुरी असलेल्या आणि हार्ड डिस्कवर चालणाऱ्या संगणकाची होते.

हार्ड डिस्क एवढी संथ का, याचे कारण ती यंत्र आहे एवढेच आहे. तिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतर राखून एक वाचणारे टोक सरकत असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग टोकाखाली येण्याची सरासरी वाट ४.२ मिलिसेकंद, त्यात टोक योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ मिळवावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल की फिरणाऱ्या वस्तूला घाई करायला सांगण्याला एक मर्यादा असते. तरीही या यंत्राचा इतिहास थक्क करणारा आहे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत होती. आज तेवढी जागा फोनच्या कॅमेऱ्यातल्या एका-दोन फोटोंना लागते.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिच्यात फ्लॅश मेमरीच्या चिप असतात. पेनड्राइव्ह आणि फोनची साठवणूकही त्याच कुळातली. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात हा शोध लावला. तिच्या कोषातही विद्युतभारच असतो, परंतु तो चहूबाजूंनी विद्युतरोधक थरात कोंडलेला असल्यामुळे वीज गेली तरी आत राहतो. या कोंडण्याची किंमतही आहे: प्रत्येक वेळी पुसून लिहिताना तो थर किंचित झिजतो, म्हणून प्रत्येक कोष ठरावीक वेळाच पुसता येतो. घरगुती वापरात ही मर्यादा वर्षानुवर्षे गाठली जात नाही, त्यामुळे तिची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र एसएसडी बंद पडते तेव्हा हार्ड डिस्कसारखी खरखर करून पूर्वसूचना देईलच असे नाही, आणि लग्नाचे फोटो एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

एसएसडी घेताना जो शब्द सर्वांत जास्त फसवतो तो 'एम डॉट टू'. हे आकाराचे आणि खाचेचे नाव आहे, वेगाचे नव्हे. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी तीच एसएसडी आत जुन्या साटा पद्धतीने बोलणारी असू शकते, तेव्हा ती सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट वाचते. किंवा एनव्हीएमई पद्धतीने बोलणारी असू शकते, तेव्हा तोच आकडा ३,५००, ७,००० किंवा त्याहूनही पुढे जातो. मदरबोर्डवरची खाच यांपैकी काय स्वीकारते हे आधी पाहावे लागते, कारण काही खाचा फक्त एकच पद्धत ओळखतात. तथापि हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला साध्या साटा एसएसडीनेही संगणक नवा झाल्यासारखा वाटतो. वाट पाहण्याचे महिने दिवसांवर आलेले असतात. त्यानंतरची बचत अर्ज लिहिणाऱ्याला आणि अभ्यास करणाऱ्याला फारशी जाणवत नाही.

मोजमापांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिथेही एक शब्द दोन अर्थ घेऊन वावरतो. ० किंवा १ एवढीच माहिती म्हणजे एक बिट. आठ बिट मिळून एक बाइट, आणि आठ बिटांच्या २५६ वेगवेगळ्या जुळण्या होतात. इंग्रजी अक्षरांना एक बाइट पुरतो. आपल्या लिपीचे तसे नाही. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि कानामात्रा, वेलांटी, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'बेळगाव' या शब्दात ब, मात्रा, ळ, ग, काना आणि व अशी सहा चिन्हे आहेत, म्हणून तो १८ बाइटांचा. कन्नड लिपीत 'बेळगावि' लिहिले तर शेवटची वेलांटी धरून सात चिन्हे होतात आणि २१ बाइट लागतात. कन्नड चिन्हालाही तीनच बाइट. एकाच पानावर वरती कन्नड अर्ज आणि खाली मराठी पत्ता लिहिणे आज सहज शक्य होते, त्यामागे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा कायमचा क्रमांक देण्याची ही व्यवस्था आहे. पूर्वी छापखान्यांत वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच २५६ जागांवर मराठी आकार चिकटवलेले असत. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पंचवीस वर्षांपूर्वीचा मंडळाचा अहवाल उघडला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. फाइल खराब झालेली नसते, बाइट जसेच्या तसे असतात. त्यांचा अर्थ सांगणारा तक्ता तेवढा हरवलेला असतो. तीन बाइट हे ऐकायला जास्त वाटले, तरी एका फोटोच्या ३० लाख बाइटांत दहा लाख मराठी चिन्हे मावतात, म्हणजे चांगल्या जाडजूड ग्रंथाहून अधिक मजकूर.

बाइटांच्या पुढे किलो, मेगा, गिगा, टेरा अशी चढण आहे, आणि घोटाळा इथे आहे. संगणकाला दोनाच्या पटीत मोजणे सोयीचे असल्यामुळे फार पूर्वीपासून १,०२४ बाइटांना एक किलोबाइट म्हणण्याची वहिवाट पडली. हार्ड डिस्क बनवणारे मात्र किलो म्हणजे सरळ १,००० धरतात, जसे आपण वजनात धरतो. १९९८ साली हा गोंधळ मिटवण्यासाठी १,०२४ च्या पटीतल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे अधिकृतपणे देण्यात आली, पण बाजारात ती रुळली नाहीत. परिणाम असा की १ टेराबाइट म्हणून घेतलेली डिस्क, म्हणजे १ वर बारा शून्ये इतक्या बाइटांची डिस्क, विंडोज १,०२४ च्या भागाकाराने मोजते आणि ९३१ जीबी दाखवते. ५०० ची ४६५ आणि २५६ ची २३८ दिसते. दुकानदाराशी भांडायला गेलेली माणसे मी पाहिली आहेत. डिस्कवरचे बाइट तेवढेच असतात, शेर बदललेला असतो. रॅमच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू १,०२४ चाच हिशेब धरतात, म्हणून तिथे असा फरक पडत नाही.

इंटरनेटचा वेग आणखी वेगळ्या मापात सांगितला जातो. १०० एमबीपीएस याचा अर्थ सेकंदाला १०० मेगाबिट. बाइट हवे असतील तर आठाने भागावे, म्हणजे साडेबारा मेगाबाइट होतात. फाइल उतरवताना स्क्रीनवर १२ च्या आसपास आकडा दिसला तर जोडणी पुरेपूर वेग देत आहे असे समजावे.

तर मग आपला संगणक संथ का, हे कसे ओळखायचे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची सगळी कामे उघडी ठेवून त्यातले मेमरीचे आणि डिस्कचे रकाने पाहावेत. इथे मेमरी म्हणजे रॅमच. ती ८५–९० टक्क्यांच्या वर अडून बसली असेल आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर सूप भरून ओसंडते आहे. अशा वेळी विंडोज रॅममधला काही मजकूर साठवणुकीतल्या एका राखीव फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि गरज पडली की परत आणते. या व्यवस्थेला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. तिच्यामुळे प्रोग्रॅम कोसळत नाहीत, पण प्रत्येक खेपेला तो वखारीचा फेरा पडतो. मेमरी निम्मी रिकामी असूनही डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर दोष हार्ड डिस्कच्या वेगाचा आहे आणि एसएसडी हा उपाय. दोन्ही रिकामे असून फक्त सीपीयूचा रकाना भरलेला असेल, तर एखादा प्रोग्रॅम अडकला असण्याची शक्यता आधी तपासावी. त्यासाठी 'शट डाउन' करून पुन्हा चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करणे चांगले, कारण नव्या विंडोजमध्ये लवकर सुरू होण्यासाठी शट डाउनच्या वेळी प्रणालीची काही स्थिती जपून ठेवली जाते, तर रीस्टार्टमध्ये सगळे पहिल्यापासून सुरू होते.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणूक सांगितली आहे. तेवढ्यात ती सुरू होते हे खरे असले, तरी ब्राउझर, व्हिडिओ वर्ग आणि एखादी वर्ड फाइल एकत्र चालवायची असेल तर ८ जीबीपेक्षा कमी रॅम असलेला संगणक आज विकत घेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो.

रॅम विकत घेताना आकड्याइतकाच प्रकार महत्त्वाचा असतो. डीडीआर या नावाचा अर्थ घड्याळाच्या ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही टोकांना माहिती पाठवणारी मेमरी. तिच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत: डेस्कटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २४० टोके (पिन) आणि १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला २८८ टोके आणि १.२ व्होल्ट, तर डीडीआर-५ ला टोके २८८ च असूनही व्होल्ट १.१ आणि मधल्या खाचेची जागा वेगळी. ती खाच चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच दिलेली असते, त्यामुळे पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. लॅपटॉपची पट्टी जवळपास निम्म्या लांबीची असते आणि डेस्कटॉपला उपयोगी पडत नाही. पट्टीवरचा ३२०० हा आकडा सेकंदाला ३,२०० दशलक्ष हस्तांतरे असा वाचावा. दर हस्तांतरात ८ बाइट जातात, म्हणून सेकंदाला २५.६ जीबी. त्याला मेगाहर्ट्‌झ म्हणण्याची पद्धत पडली असली तरी खरे घड्याळ त्याच्या निम्म्याने, १,६०० मेगाहर्ट्‌झने चालते. मदरबोर्डवर प्रोसेसरपासून रॅमपर्यंत दोन मार्ग असतील तर ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या अधिक वेग देतात, विशेषतः ग्राफिक्स कार्ड वेगळे नसेल तेव्हा. याउलट, पुढे रॅम वाढवायचा विचार असेल आणि खाचा दोनच असतील, तर एक मोठी पट्टी घेऊन एक खाच मोकळी ठेवणे शहाणपणाचे. जुन्या संगणकात ३२ बिटांची विंडोज असेल तर आणखी एक अडसर आहे: ३२ बिटांनी दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४२९ कोटींहून थोडे अधिक एवढेच पत्ते लिहिता येतात. घरगुती ३२ बिटांच्या विंडोजमध्ये म्हणूनच ४ जीबीच्या पुढची रॅम बसवली तरी ती वापरात येत नाही.

एक छोटी मेमरी राहिली. मदरबोर्डवर एक चिप असते जिच्यात संगणक सुरू होताना पहिल्यांदा वाचायच्या सूचना असतात. त्यांना पूर्वी बायोस म्हणत, आता त्यांच्या जागी यूईएफआय आहे. तिच्या शेजारी रुपयाच्या नाण्यासारखा ३ व्होल्टचा सपाट सेल असतो, ज्याच्या जोरावर संगणक बंद असतानाही घड्याळ चालते. तो संपला की तारीख मागे जाते, आणि मग बँकेची वा परीक्षेच्या निकालाची संकेतस्थळे 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत चुकीच्या तारखेशी ताडून पाहिली जाते. हा सेल घड्याळजीच्या दुकानातही मिळतो, आणि विंडोज नव्याने टाकून घेण्याआधी तो एकदा बदलून पाहावा.

मावसभावाचा संगणक शेवटी आम्ही घरीच उघडला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९२ टक्के आणि डिस्क १०० टक्के होती. मदरबोर्डवर डीडीआर-३ ची ४ जीबीची एक पट्टी आणि शेजारची खाच रिकामी. त्याच प्रकारची आणखी एक ४ जीबीची पट्टी आणि २४० जीबीची साटा एसएसडी आणून बसवली, विंडोज एसएसडीवर टाकली. मुलीने तिचे सगळे टॅब उघडून पाहिले तेव्हा मेमरीचा रकाना ६० च्या आसपास स्थिरावला आणि डिस्कचा एक आकडी झाला. ती १ टेराबाइटची हार्ड डिस्क काढली नाही. घरातल्या लग्नांचे, गावच्या यात्रेचे फोटो आता तिच्यात आहेत, त्यांची दुसरी प्रत एका पेनड्राइव्हवर आहे, आणि तिच्यापुढे ९३१ जीबी असे का लिहिले आहे हे त्या मुलीनेच तिच्या वडिलांना समजावून सांगितले.